तुमचं गाणं, रेडिओ आणि इंटरनेट : काम सुरू करण्याआधी वाचावं असं माहितीपत्रक

हे पत्रक स्वतःच्या खिशातून खर्च करून गाणी करणाऱ्यांसाठी आहे : अभंग-भावगीतं गाणारे, कॉलेजातले बँड, रॅप करणारी मुलं, लोकसंगीत करणारी मंडळी. अशी गाणी रेडिओवर आणि इंटरनेटवर पोचवायला मदत करणं हे आमचं काम. आमच्याकडे येणारे बहुतेक जण गाणं बाहेर पडल्यावर येतात. यूट्यूबवर टाकलंय, आता रेडिओवर लावून द्या, म्हणतात. आमची पहिली विनंती अशी की, त्याआधी या, निदान सहा आठवडे आधी. गाणं प्रसिद्ध झाल्यावर ज्या चुका निस्तरता निस्तरत नाहीत, त्या या सहा आठवड्यांत सहज टाळता येतात.

नाव, चाल आणि कागद

सगळ्यात आधी नाव. एखाद्या गायिकेच्या पहिल्या गाण्यावर नुसतं नाव-आडनाव असतं, दुसऱ्यावर मधे वडिलांचं नाव येतं, तिसऱ्याच्या रोमन स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडतं. स्पॉटिफायच्या लेखी या तीन वेगळ्या बायका झाल्या. तीन पानं तयार होतात आणि ऐकणारेही तिन्हीकडे विखुरतात. म्हणून नावाचं एकच रूप ठरवा आणि ते सगळीकडे तसंच लिहा. गीतकार, संगीतकार, संगीत संयोजक यांची नावंही त्याच वेळी भरा. गाणं चढवताना भाषेच्या रकान्यात मराठीच निवडा. घाईत तिथे हिंदी पडलेलं असतं आणि मग मराठी गाण्यांच्या याद्या करणाऱ्यांना तुमचं गाणं दिसतच नाही.

डिस्ट्रिब्यूटरमार्फत (म्हणजे तुमचं गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या कंपनीमार्फत) गाणं गेलं की त्याला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरी क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा. उद्या डिस्ट्रिब्यूटर बदललात तर नव्या ठिकाणी हाच क्रमांक द्यायचा, म्हणजे आधीचे ऐकण्याचे आकडे गाण्यासोबत राहण्याची शक्यता असते. डिस्ट्रिब्यूटर निवडताना एक प्रश्न जरूर विचारा : वर्षाचे पैसे भरायचे थांबलो तर गाणं उतरवणार का? काही ठिकाणी उतरवतात.

आता हक्क. अभंग गाणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, ते गायला कुणाची परवानगी लागत नाही. चालीचं तसं नाही. आपल्याकडे गीतकार-संगीतकाराचा कॉपीराइट त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. संगीतकार श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांनी बांधलेल्या चाली २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. अभंग तुकोबांचा असला तरी चाल खळ्यांची असेल तर परवाना लागतो. गावातल्या भजनी मंडळाकडून ऐकलेली चालसुद्धा मुळात एखाद्या संगीतकाराची असू शकते, त्यामुळे ‘पारंपरिक’ असं लिहिण्याआधी चौकशी करा. शक्य असेल तर स्वतःची चाल बांधा. आम्हाला मनापासून वाटतं की नव्या गायकाची ओळख नव्या चालीनं जास्त लवकर होते.

तबल्याचे किंवा ढोलकीचे तयार लूप (पुन्हापुन्हा वाजणारे ध्वनिमुद्रित तुकडे) वापरले असतील तर तेही आधी सांगा. तेच लूप इतर शेकडो गाण्यांत असतात. असं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (कुणाचं गाणं कुठल्या व्हिडिओत वापरलंय हे ओळखणाऱ्या यंत्रणेत) नोंदवलं की दुसऱ्यांच्या व्हिडिओंवर विनाकारण दावे लागतात आणि वाद तुमच्या दारात येतो.

मित्रानं शब्द लिहून दिले असतील, एखाद्या बासरीवाल्यानं प्रेमानं तुकडा वाजवला असेल, तरी एका पानावर लिहून सह्या घ्या. मैत्री आहे तोवर हे पाच मिनिटांचं काम आहे.

रेडिओ

‘रेडिओवर लावणं’ हे एक काम नाही. तीन तऱ्हेची केंद्रं आहेत आणि तिन्हीकडे जाण्याची वाट वेगळी आहे.

खाजगी एफएमपासून सुरुवात करू, कारण सगळ्यांचा डोळा तिथेच असतो. मुंबई-पुण्याच्या खाजगी वाहिन्यांवर हिंदी चित्रपटगीतांचं प्रमाण मोठं आहे, आणि कोणतं गाणं किती वेळा वाजणार हे बहुतेक ठिकाणी म्युझिक विभाग ठरवतो. आरजेला गाणं आवडलं तरी त्याच्या हातात फारसं नसतं. त्यामुळे इथे आम्ही गाणं ‘लावून’ देत नाही, तसं वचनही देत नाही. गाण्यामागे सांगण्यासारखी गोष्ट असेल तर मुलाखतीसाठी किंवा स्थानिक कलाकारांच्या कार्यक्रमासाठी विचारणा करतो. कुणी तुम्हाला अमुक पैशांत अमुक वेळा वाजवण्याची हमी देत असेल, तर तो जाहिरातीचा वेळ विकतोय का, हे लेखी विचारून घ्या. जाहिरात घेण्यात गैर काही नाही, पण ती पसंती समजू नका.

आकाशवाणीची वाट लांब आहे, पण पक्की आहे. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, जळगाव, परभणी, छत्रपती संभाजीनगर अशी केंद्रं आहेत. गोव्यात पणजी केंद्रावरून मराठी आणि कोकणी दोन्ही ऐकू येतं. तिथे जायचं तर स्वरचाचणी, म्हणजेच ऑडिशन द्यावी लागते. शास्त्रीय, सुगम, लोकसंगीत यांपैकी आपला प्रकार निवडून अर्ज करायचा. परीक्षकांना तुमचं नाव कळत नाही, ते फक्त आवाज ऐकतात. उत्तीर्ण झालात की श्रेणी मिळते (बी, बी हाय, ए आणि टॉप अशा चढत्या पायऱ्या आहेत), मग केंद्राकडून ध्वनिमुद्रणाला बोलावणं येतं आणि श्रेणीप्रमाणे मानधन मिळतं. ज्यांचा गळा तयार आहे त्या प्रत्येकाला आम्ही ही चाचणी द्यायला सांगतो. ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त’ ही ओळख कार्यक्रमाच्या पत्रिकेवर आजही वजन ठेवते. शिवाय आकाशवाणीचं प्रसारण आता मोबाइल अ‍ॅपवर ऐकता येतं, त्यामुळे सांगली केंद्रावरचं गाणं दुबईतला भाचाही ऐकू शकतो. वयानं लहान असाल तर युववाणी या तरुणांच्या कार्यक्रमाबद्दल केंद्रात जाऊन विचारा.

तिसरी तऱ्हा सामुदायिक रेडिओची, आणि आमचा सगळ्यात जास्त भर तिच्यावर आहे. पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर लागते. माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी ९०.४ वर आहे. या केंद्रांचं प्रक्षेपण १०० वॉटचं असतं, साधारण दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत ऐकू जातं. एवढ्याशा टापूनं काय होणार, असं वाटेल. पण सरकारी धोरणानुसार त्यांचे निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावे लागतात, म्हणजे त्यांना तुमची गरज आहे. तिथला निवेदक तुमचं गाणं संपल्यावर तुमचं नाव घेतो, गाव सांगतो, तुम्हाला स्टुडिओत बोलावून अर्धा तास बोलतो. ऐकणाऱ्या बाईला तुमचं गाव माहीत असतं. जत्रेची, शाळेच्या स्नेहसंमेलनाची, गणेश मंडळाची बोलावणी अशाच ओळखीतून येतात.

केंद्राला गाणं पाठवतानाचा मजकूर लहान आणि कामाचा असावा. आम्ही तो साधारण असा तयार करतो :

‘नमस्कार. मी माण तालुक्यातली. सोबत माझं नवं गाणं आहे, लांबी ३ मिनिटं १२ सेकंद. शब्द आणि चाल माझी आहे, वाजवायला माझी परवानगी आहे. आवाज १४व्या सेकंदाला सुरू होतो. गाणं ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांवर आहे, त्याबद्दल कार्यक्रमात बोलायला मी येऊ शकते. गाण्याचे शब्द खाली दिले आहेत.’

आवाज कितव्या सेकंदाला सुरू होतो हे सांगितल्यावर निवेदकाला आधीच्या संगीतावर किती बोलता येईल ते कळतं. अशा बारीक गोष्टींनी त्याचं काम हलकं होतं आणि तुमचं गाणं हाताशी राहतं. गाणं सहा मिनिटांचं असेल तर रेडिओसाठी साडेतीन मिनिटांचं वेगळं रूप करून घ्या. फाइलच्या नावात गायकाचं आणि गाण्याचं नाव हवं. ‘फायनल मिक्स नवीन २’ या नावाची फाइल केंद्रात कुणाला सापडत नाही.

ऑनलाइन

स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं विचारार्थ पाठवता येतं, त्यासाठी पैसे लागत नाहीत. ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी, स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स या कलाकारांसाठीच्या खात्यातून पाठवावं लागतं. गाणं आजच चढवून उद्याच बाहेर काढलंत की ही संधी कायमची गेली. संपादकीय यादीत जागा विकत मिळत नाही, देऊ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तारीख पंचांग बघून ठरवा. तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून निघते, माउलींची अष्टमीला आळंदीतून. वारीचं गाणं त्याआधी लोकांच्या मोबाइलमध्ये हवं, म्हणजे तुमचं मिक्सिंग वैशाखात संपायला हवं. आषाढीच्या आदल्या दिवशी आलेल्या अभंगाला पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते.

रील आणि शॉर्टसाठी गाण्यातला वीसेक सेकंदांचा तुकडा निवडतो, तोही शक्यतो शब्द स्पष्ट ऐकू येणारा, आणि ओळी देवनागरीत पडद्यावर देतो. महागडा व्हिडिओ हवाच असं नाही. जाहिरातीवर खर्च करायचा असेल तर तो एकदोन जिल्ह्यांपुरता ठेवा, जिथे तुम्हाला कार्यक्रम करायचेत तिथे. जाहिरातीचे पैसे तुमच्या कार्डावरून थेट त्या कंपनीला जातात, आमच्या हातातून नाही.

विकतचे प्ले, व्ह्यूज, फॉलोअर आम्ही देत नाही आणि ते विकत घेणाऱ्यांबरोबर काम करत नाही. २०२४ पासून खोटे प्ले सापडले की स्पॉटिफाय डिस्ट्रिब्यूटरकडून दंड वसूल करतं आणि डिस्ट्रिब्यूटर तो तुमच्यावर टाकू शकतो, गाणंही उतरवू शकतो. मेहनतीनं केलेलं गाणं असं गमावणाऱ्यांना बघून फार वाईट वाटतं.

पैसे कुठून येतात

स्पॉटिफायवर गेल्या बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला काही मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं, किंवा ९० दिवसांत शॉर्टना एक कोटी व्ह्यूज लागतात. तेव्हा सुरुवातीची वर्षं घर चालेल ते कार्यक्रमांवर, हे धरून चाला.

तरीही रॉयल्टी सोडू नका. गीतकार आणि संगीतकारांनी आयपीआरएसचं, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हावं. ही संस्था १९६९ पासून आहे. २०१२ च्या कायदा दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानंही काढून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा अशा संस्थेला देता येतो. खाजगी एफएमवर गाणं वाजलं तर गीतकार-संगीतकारांची वेगळी रॉयल्टी द्यावी लागते, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं आहे. कुणी ‘सर्व हक्क कायमचे’ अशा ओळीखाली सही मागत असेल तर त्याआधी तो कागद आम्हाला दाखवा. वाचून सांगण्याचे पैसे घेत नाही. गायक-वादकांसाठी इसाम्रा (आधीचं नाव इस्रा) ही वेगळी संस्था आहे.

पहिल्या भेटीला येताना

गाण्याची डब्ल्यूएव्ही फाइल, टाइप केलेले शब्द, ३,००० बाय ३,००० पिक्सेलचं चौकोनी मुखपृष्ठ (तयार नसलं तरी चालेल, साधा फोटो आणा), साथीदारांची पूर्ण नावं आणि आधीची गाणी असतील तर त्यांचे दुवे आणा. पहिली भेट विनामूल्य असते. गाणं पूर्ण ऐकून आम्ही कोणत्या केंद्रांकडे पाठवायचं, काय करण्यात अर्थ नाही आणि खर्च किती येईल, हे एका कागदावर लिहून देतो. शुल्क कामाचं असतं : पाठवलेली पत्रं, केलेले फोन, तयार केलेले तुकडे. दर महिन्याला कुणाला पाठवलं आणि काय उत्तर आलं याची यादी मिळते, नकारासह. आमच्यासोबत पुढे काम करायचं की नाही, हे तो कागद घरी नेऊन, साथीदारांशी बोलून ठरवा.