अमेरिकेतली फेडरल जमीन विकत घेता येते का? पात्रता, कागदपत्रं आणि विक्रीची रीत

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सरकारी जमिनी विकण्याचा प्रस्ताव आला आणि पश्चिमेकडच्या राज्यांमध्ये गदारोळ उडाला. तेव्हापासून एक प्रश्न हमखास विचारला जातो: ही जमीन आपल्यासारख्या माणसाला घेता येते का?

येते. तुम्ही अमेरिकेचे नागरिक असाल, वय १८ पूर्ण असेल आणि बाजारभावाने पैसे मोजायची तयारी असेल, तर येते. आणि ती २०२५ च्या कितीतरी आधीपासून येते. तुम्ही एच-वन-बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असाल, तर मात्र स्वतःच्या नावावर घेता येत नाही. फुकट किंवा नाममात्र दरात कोणालाही प्लॉट देण्याचे दिवस संपले. पाच वर्षं राबा आणि १६० एकर मिळवा असं सांगणारा १८६२ चा होमस्टेड कायदा १९७६ मध्ये रद्द झाला, अलास्कात तो १९८६ पर्यंत चालला. त्यामुळे ‘सरकार फुकट जमीन देतंय, यादीसाठी इतके डॉलर भरा’ असा मेसेज आला, तर तो सरळ डिलीट करा.

ही जमीन कुठली?

अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे, म्हणजे देशाच्या २८ टक्क्यांच्या आसपास. ती सगळीकडे सारखी पसरलेली नाही. कनेक्टिकटमध्ये एक टक्काही नाही, नेवाडात मात्र जवळजवळ ८० टक्के आणि युटामध्ये ६० टक्क्यांहून जास्त. भांडण पश्चिमेतच का पेटतं, ते यावरून कळतं.

या जमिनीचे मुख्य सांभाळणारे चार आहेत. नॅशनल पार्क सर्व्हिस, फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस आणि फॉरेस्ट सर्व्हिस हे तिघं बाजूला ठेवू. खरेदीदाराचा संबंध येतो तो चौथ्याशी, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटशी, म्हणजे बीएलएमशी. त्यांच्याकडे साडेचोवीस कोटी एकर आहे, महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या तिपटीहून जास्त. बरीचशी कोरडी, झुडपांची, गुरं चारायची. चराईचा दर २०२५ मध्ये एका गाय-वासराच्या जोडीला महिन्याला १ डॉलर ३५ सेंट होता.

कायदा विकायला सांगतो की राखायला?

राखायला. २१ ऑक्टोबर १९७६ चा ‘फेडरल लँड पॉलिसी अँड मॅनेजमेंट अ‍ॅक्ट’ (बोलताना ‘फ्लिप्मा’) सुरुवातीलाच सांगतो, की सार्वजनिक जमीन सरकारच्याच मालकीत राहील. विक्री हा अपवाद, आणि तो कलम २०३ मध्ये आहे. तीनपैकी निदान एका कसोटीला तुकडा उतरला पाहिजे. पहिली, तो अशा जागी आहे की सांभाळणं अवघड आणि न परवडणारं, आणि दुसऱ्या सरकारी खात्यालाही तो सोयीचा नाही. दुसरी, तो विशिष्ट कामासाठी घेतला होता आणि आता त्याची गरज उरली नाही. तिसरी, विक्रीने महत्त्वाचं सार्वजनिक हित साधतं, जसं की गावाची वाढ, आणि ते दुसऱ्या जमिनीवर साधण्यासारखं नाही.

पहिली कसोटी कागदावर वाटते त्यापेक्षा गुंतागुंतीची आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना एकाआड एक चौकोन दिले गेले. त्यामुळे कित्येक ठिकाणी नकाशा अजून बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो: एक चौकोन खासगी, शेजारचा सरकारी. मधल्या सरकारी चौकोनात जायला रस्ताच नाही. अशा तुकड्याला ‘सांभाळायला अवघड’ म्हणणं सोपं आहे. पण तो शेजारच्या मोठ्या रँचवाल्याला विकला, की शिकारीला किंवा भटकंतीला येणाऱ्यांसाठी तो कायमचा गेला. मला विचाराल तर सगळ्या वादातला सर्वांत खरा मुद्दा हाच आहे, आणि भाषणांमध्ये तो फारसा ऐकू येत नाही.

विल्डरनेस, म्हणजे निसर्ग जसाच्या तसा ठेवायचा, म्हणून राखलेले भाग, संरक्षित नद्या आणि राष्ट्रीय पायवाटा या कलमाखाली विकता येत नाहीत. तुकडा २,५०० एकरांहून मोठा असेल, तर आधी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, कळवावं लागतं.

तुकडा विक्रीला येतो कसा?

इथे अर्ज करून जमीन मागण्याची सोय नाही, हे आधी लक्षात घ्या. अमुक तुकडा विकायला काढा असं तुम्ही बीएलएमच्या स्थानिक कार्यालयाला सुचवू शकता. पण त्या भागाच्या आराखड्यात, म्हणजे ‘रिसोर्स मॅनेजमेंट प्लॅन’मध्ये, तो तुकडा विक्रीयोग्य म्हणून नोंदलेला नसेल तर गाडी तिथेच अडते. म्हणून तो आराखडा आधी बघा.

नोंद असेल तर पाहणी सुरू होते: पर्यावरणावरचा परिणाम, जुने अवशेष, आदिवासी राष्ट्रांशी सल्लामसलत, दुर्मीळ प्राणी-वनस्पती, खाणींचे दावे, बाजारभावाचं मूल्यांकन. चराईचा परवानेधारक असेल तर त्याला दोन वर्षं आधी नोटीस द्यावी लागते. तो स्वतः हक्क सोडून देत असेल तर गोष्ट वेगळी. या सगळ्यात वर्षं जातात. दिवाळीपर्यंत प्लॉट हवा असेल, तर खासगी एजंट गाठलेला बरा.

पाहणी संपली की ‘नोटीस ऑफ रिअल्टी अ‍ॅक्शन’ निघते. ती फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या राजपत्रात, छापली जाते आणि स्थानिक वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा, तीन आठवडे. विक्रीच्या निदान ६० दिवस आधी ती निघायला हवी. हरकती-सूचनांसाठी ४५ दिवस असतात. नोटीस निघाली की त्या तुकड्यावर नवे खाण-दावे करता येत नाहीत.

ही नोटीस वाचायला शिकणं म्हणजे निम्मं काम झालं. जमिनीचं वर्णन पत्त्याने नसतं, सर्व्हेच्या चौकटीने असतं. लास व्हेगासजवळच्या तुकड्याचं वर्णन असं सुरू होईल: माउंट डायब्लो मेरिडियन, टाउनशिप २२ साउथ, रेंज ६० ईस्ट. पुढे सेक्शनचा क्रमांक, आणि त्यापुढे ‘ईशान्येच्या पावाचा नैर्ऋत्य पाव’ अशा धर्तीचं काहीतरी. एक सेक्शन म्हणजे एक मैल बाय एक मैल, ६४० एकर. त्याचा पाव १६०, आणि पावाचा पाव ४० एकर. पावांचा हा भाग मूळ इंग्रजीत शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत गेलात तर नकाशावर बोट बरोबर पडतं. नोटिशीच्या शेवटाकडे अटींची यादी असते: कोणाची वीजवाहिनी जाते, कोणाचा रस्ता, कोणती पाइपलाइन. किमतीच्या आकड्याआधी ती वाचा.

विक्रीचे तीन प्रकार

खुला लिलाव ही नेहमीची रीत. दुसरा प्रकार मर्यादित लिलावाचा. त्यात ठरावीक लोकांना, उदाहरणार्थ शेजारच्या जमीनमालकाला, सर्वोच्च बोलीइतकी रक्कम देऊन जमीन घेण्याची संधी मिळते. तिसरी थेट विक्री. जमीन स्थानिक सरकारला हवी असेल, किंवा कोणाचं बांधकाम नकळत सरकारी हद्दीत गेलं असेल, तर स्पर्धा न लावता ती विकता येते. तिन्ही प्रकारांत किंमत बाजारभावापेक्षा कमी चालत नाही.

पात्रता आणि कागदपत्रं

खरेदीदार चार प्रकारचे चालतात: १८ वर्षं पूर्ण झालेला अमेरिकन नागरिक, अमेरिकेच्या किंवा तिथल्या एखाद्या राज्याच्या कायद्याखाली येणारी कॉर्पोरेशन, राज्य सरकार किंवा त्याची जमीन धारण करू शकणारी संस्था, आणि जमीन जिथे आहे त्या राज्याच्या कायद्याने मालमत्ता घेऊ-देऊ शकणारी इतर कोणतीही संस्था.

नागरिकत्वाचा पुरावा म्हणून जन्मदाखला, पासपोर्ट किंवा नॅचरलायझेशनचे कागद, यांतलं एक पुरतं. भारतात जन्मलेल्या आणि नंतर नागरिक झालेल्या माणसाला शेवटचे दोन कामाला येतात. कंपनीच्या नावाने बोली लावायची तर स्थापनेचे कागद आणि सही करणाऱ्याला तो अधिकार असल्याचा पुरावा लागतो. बोली जिंकली की पात्रतेचं प्रमाणपत्र भरून द्यायचं असतं. त्याची मुदत नोटिशीत किंवा नंतर येणाऱ्या पत्रात असते. शेतकरी असल्याचा दाखला इथे कोणी मागत नाही! भारतात शेतजमीन विकत घ्यायला ओसीआयधारकाला, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या कार्डधारकाला, मनाई आहे, आणि तोच माणूस अमेरिकन नागरिक म्हणून नेवाडात ४० एकरांवर बोली लावू शकतो.

ग्रीन कार्डवाल्यांनी कंपनी काढून घ्यावी का? फेडरल नियमात कंपनीला मुभा आहे, पण काही राज्यांनी परदेशी मालकीवर आपापले निर्बंध घातले आहेत. त्या राज्यातल्या जमीन-व्यवहाराच्या वकिलाला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

पैसे कसे भरायचे

बंद पाकिटातल्या बोलीसोबत रकमेच्या १० ते ३० टक्के अनामत द्यावी लागते. नेमका टक्का नोटिशीत असतो. सर्टिफाइड चेक, कॅशियर्स चेक, बँक ड्राफ्ट किंवा पोस्टल मनी ऑर्डर चालते. उरलेली रक्कम विक्रीच्या तारखेपासून १८० दिवसांत. बीएलएम कर्ज देत नाही, हप्ते बांधून देत नाही. मुदत चुकली की अनामत जप्त. रिकाम्या, पाणी-वीज नसलेल्या जमिनीवर बँका सहजासहजी कर्ज देत नाहीत, त्यामुळे पैशाची जुळवाजुळव बोलीच्या आधी झालेली हवी.

पूर्ण पैसे पोचले की ‘पेटंट’ मिळतं. शोधाचं नव्हे, जमिनीचं: सरकारकडून मालकी तुमच्याकडे आल्याचा दस्त. तो काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या, रेकॉर्डर कार्यालयात नोंदवून घ्या. जमीन आहे त्या स्थितीत मिळते. पाणी, रस्ता किंवा बांधकाम परवानगीची हमी कोणी देत नाही. झोनिंग, म्हणजे कुठल्या जागेवर काय करता येईल हे ठरवणं, साधारणपणे काउंटीचं, तेव्हा घर बांधता येईल का हे काउंटीलाच विचारा. खनिजांचे हक्क साधारणपणे सरकार राखून ठेवतं. खनिजमूल्य नसेल तर ते मिळवण्यासाठी वेगळा अर्ज आणि शुल्क. पेटंटवर १८९० च्या कायद्याने कालवे आणि चर खणण्याचा सरकारी हक्कही लिहिलेला असतो. तो पाहून घाबरू नका, तो सगळ्यांच्याच पेटंटवर असतो. आणि हो, त्या दिवसापासून प्रॉपर्टी टॅक्स सुरू. फेडरल जमिनीवर काउंटीला कर लावता येत नाही, त्याबदल्यात केंद्राकडून तिला काही रक्कम मिळते. काही काउंट्या विक्रीच्या बाजूने का बोलतात, त्याचं एक कारण हे.

स्वस्तात कोणाला मिळते?

शाळा, बाग, अग्निशमन केंद्र अशा कामांसाठी राज्य, काउंटी, नगरपालिका आणि ना-नफा संस्थांना ‘रिक्रिएशन अँड पब्लिक पर्पजेस’ कायद्याखाली सवलतीत जमीन मिळते. लास व्हेगास खोऱ्यासाठी १९९८ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखाली विक्रीच्या पैशातले ५ टक्के नेवाडाच्या शिक्षण निधीला, १० टक्के दक्षिण नेवाडाच्या पाणी प्राधिकरणाला आणि ८५ टक्के खास खात्यात जातात, ज्यातून मुख्यतः नेवाडातली कामं होतात. याच कायद्यात परवडणाऱ्या घरांसाठी स्थानिक सरकारला कमी दराने जमीन देण्याची सोय आहे. क्लार्क काउंटीला अशी जमीन एकरी १०० डॉलरने मिळाली आहे.

मग २०२५ मध्ये भांडण कशावरून झालं?

एवढी वाट आधीच असताना नवा प्रस्ताव कशाला, हा प्रश्न रास्त आहे. युटाचे सिनेटर माइक ली यांचं म्हणणं होतं की पश्चिमेतली शहरं सरकारी जमिनीने वेढली गेली आहेत, घरं परवडत नाहीत आणि सध्याची वाट फार संथ आहे. त्यांच्या पहिल्या मसुद्यात ११ राज्यांमधली बीएलएम आणि फॉरेस्ट सर्व्हिसची अर्धा ते पाऊण टक्का जमीन पाच वर्षांत विकण्याची सक्ती होती. आकड्यात २२ ते ३३ लाख एकर. माँटाना मुद्दाम वगळलेलं.

कलम २०३ मध्ये विक्रीची ‘परवानगी’ आहे, तीही एकेका तुकड्याची कसोटी घेऊन. नव्या मसुद्यात कोटा होता. विरोधकांचा आक्षेप नेमका इथे होता, आणि मला तो पटतो: कोटा भरायचा ठरला की कसोटी दुय्यम होते. घरांची गरज खोटी नाही. पण पाणी नसलेल्या, वणव्याच्या पट्ट्यातल्या दूरच्या जमिनीने ती भागणार नाही.

विरोध फक्त पर्यावरणवाद्यांचा नव्हता. शिकारी, मासेमारीवाले, आयडाहो आणि माँटानाचे रिपब्लिकन नेतेही उभे राहिले. त्याआधी मे महिन्यात प्रतिनिधिगृहातली नेवाडा-युटामधली जमीन विकण्याची अशीच तरतूद माँटानाचे रायन झिंकी यांच्या विरोधानंतर काढावी लागली होती. हे गृहस्थ ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत इंटीरियर खात्याचे, म्हणजे बीएलएम ज्याच्या अखत्यारीत येतं त्याच खात्याचे, मंत्री होते. सिनेटच्या पार्लमेंटेरियन, म्हणजे कामकाजाच्या नियमांचा अर्थ सांगणाऱ्या अधिकारी, एलिझाबेथ मॅकडोना यांनीही पहिला मसुदा ज्या अर्थसंकल्पी विधेयकात घातला होता त्याच्या नियमात बसत नाही असा निर्णय दिला. ली यांनी मग फॉरेस्ट सर्व्हिस वगळली, वस्तीपासून पाच मैलांची मर्यादा घातली, आणि अखेर २८ जूनला प्रस्ताव मागे घेतला. २०१७ मध्ये युटाचेच जेसन चेफेट्झ यांनी ३३ लाख एकरांचं विधेयक शिकाऱ्यांच्या संतापापुढे असंच मागे घेतलं होतं. विषय पुन्हा येणार, हे धरून चाला.

हरकत कशी नोंदवायची?

खरेदीला नागरिकत्व लागतं, मत नोंदवायला नोटिशीत ‘इच्छुक व्यक्ती’ एवढंच म्हटलेलं असतं. ४५ दिवसांच्या आत, नोटिशीत दिलेल्या पत्त्यावर, लेखी. ‘जमीन विकू नका’ एवढं लिहून उपयोग होत नाही. तुकड्याचं वर्णन द्या, त्याचा वापर कोण आणि कसा करतं ते लिहा, आणि कलम २०३ ची कुठली कसोटी पूर्ण होत नाही ते दाखवा. पायवाट जात असेल तर नकाशावर आखून जोडा. विरोधी हरकतींचा विचार बीएलएमच्या राज्य पातळीवरच्या संचालकाकडे होतो. ते निर्णय कायम ठेवू शकतात, बदलू शकतात किंवा रद्द करू शकतात. तुमचं पत्र नाव-पत्त्यासकट जाहीर होऊ शकतं, तेव्हा फोन नंबर किंवा घरचा पत्ता लिहिताना तेवढं ध्यानात ठेवा.