घातांक मूळ असला म्हणून उत्तर मूळ येत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या मुलांच्या वह्यांतून एक ‘सूत्र’ वर्षानुवर्षं फिरतंय: कोणतीही मूळ संख्या घातांक म्हणून घ्या, २ चा तो घात काढा, १ वजा करा, उत्तर मूळ संख्याच येणार. हे चूक आहे.

फसगत सुरुवातीलाच होते. घातांक २, ३, ५, ७ घेतले की ३, ७, ३१, १२७ येतात आणि त्या सगळ्या मूळ आहेत. मुलं इथेच थांबतात. शिक्षकांनो, पाचवं उदाहरण फळ्यावर जरूर करून घ्या: ११ घेतला की २०४७, म्हणजे २३ × ८९. घातांक २३ घेतला तर ८३८८६०७ येते, तिला ४७ ने भाग जातो. हे भाजक वाटेल तसे येत नाहीत, आणि मला तर यातली हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. घातांक विषम मूळ असेल, तर भाजकातून १ वजा करा. उरलेल्याला घातांकाच्या दुपटीने भाग जातो. २३ मधून २२, ८९ मधून ८८, दोन्हींना २२ ने भाग जातो.

उलट बाजू मात्र खरी: उत्तर मूळ असेल, तर घातांक मूळ असावाच लागतो.

फ्रेंच गणिती मर्सेन यांनीही १६४४ च्या, मूळ उत्तर देणाऱ्या घातांकांच्या यादीत ६७ हा घातांक चुकून घेतला होता. १९०३ मध्ये अमेरिकी गणिती कोल यांनी ६७ घातांकाने येणाऱ्या संख्येचे अवयव दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. २०२४ मध्ये १३६२७९८४१ या घातांकाची, ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या सापडली, तेव्हा तिच्यासह या जातीच्या फक्त ५२ मूळ संख्या माहीत होत्या.