बार्बरा हॅरिस बिशप झाल्या त्याच्या आधीचं

बार्बरा हॅरिस यांचं नाव निघालं की सगळे डायरेक्ट ११ फेब्रुवारी १९८९ वर जातात, बोस्टन, अख्ख्या अँग्लिकन जगातली, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून निघालेल्या ख्रिस्ती परंपरेतली, पहिली बाई बिशप (एका भागातल्या चर्चांचा प्रमुख), झालं. पण मला विचाराल तर सुरुवात १९७४ च्या २९ जुलैपासून करावी लागते. फिलाडेल्फियातलं चर्च ऑफ द ॲडव्होकेट, आत तुडुंब गर्दी, आणि मिरवणुकीत सगळ्यात पुढे क्रॉस धरून चालणाऱ्या ह्याच बाई. तेव्हा त्या प्रीस्ट (दीक्षा घेतलेल्या धर्मगुरू) वगैरे काही नव्हत्या, सन ऑइल कंपनीत पीआरचं बघायच्या आणि त्या चर्चच्या मेंबर होत्या. त्या दिवशी ११ बायकांना प्रीस्टची दीक्षा दिली गेली, देणारे तिघे बिशप पदावरून उतरलेले, आणि परवानगी कोणाचीच नाही. आता नियमात बायकांना बंदी असं कुठे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, पण १९७० आणि १९७३ च्या जनरल कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या ह्या चर्चच्या निर्णय घेणाऱ्या मोठ्या सभेत, त्यांना प्रीस्ट करायचा ठराव नामंजूर झाला होता, मग ह्या लोकांनी थांबायचंच सोडून दिलं. एवढा गदारोळ झाल्यावर १९७६ ला बायकांना प्रीस्ट करायचा ठराव पास झाला.

बाई १९३० च्या, फिलाडेल्फियाच्याच, काळ्या कुटुंबातल्या. १९६५ ला काळ्यांच्या मतदानहक्कासाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्चात चालल्या, मिसिसिपीत काळ्या लोकांची मतदार नोंदणी केली, म्हणजे रस्त्यावरची सवय आधीपासूनची. प्रीस्ट व्हायला पन्नाशी गाठली, १९७९ ला डीकन (प्रीस्टच्या खालची पायरी) आणि १९८० ला प्रीस्ट, तेही सेमिनरीची, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या कॉलेजची, डिग्री न घेता, नोकरी सांभाळून अभ्यास करून. पुढे जेलमध्ये चॅप्लेन (तिथल्या कैद्यांसाठीच्या धर्मगुरू), मग ‘द विटनेस’ मासिक काढणाऱ्या संस्थेच्या डायरेक्टर. त्यातलं त्यांचं सदर चांगलंच तिखट असायचं आणि तेच नंतर विरोधकांनी पुढे केलं.

सप्टेंबर १९८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या डायोसीझने (एका बिशपच्या हाताखालचा चर्चचा विभाग) त्यांना सफ्रगन बिशप म्हणून निवडलं. सफ्रगन म्हणजे मुख्य बिशपच्या हाताखालचा बिशप, पण दीक्षा द्यायचा अधिकार पूर्ण. मतदानाच्या ८ फेऱ्या लागल्या. आणि निवडून आलं म्हणजे संपलं असं तिथे नसतं, देशभरातल्या निम्म्याहून जास्त डायोसीझची आणि बिशपांची संमती लागते, त्या काही महिन्यांत बाईंचं सगळं काढलं गेलं, घटस्फोट झालाय, डिग्री नाही, डाव्या विचारांच्या आहेत.

खरी भीती मात्र वेगळीच होती. ह्या परंपरेत बिशपने डोक्यावर हात ठेवल्याशिवाय कोणी प्रीस्ट होत नाही, आणि त्या बिशपवर आधीच्या बिशपांनी हात ठेवलेला असतो, अशी साखळी पार मागे येशूच्या प्रेषितांपर्यंत, म्हणजे पहिल्या शिष्यांपर्यंत, जाते असं मानतात. बाई प्रीस्ट नको असेल तर माणूस शेजारच्या चर्चमध्ये जाईल. पण बाईच बिशप झाली तर तिने दीक्षा दिलेल्या पुरुषांचं काय, ते खरे की खोटे? म्हणून एवढा जीव वर आला होता लोकांचा.

सोहळा मग हाइन्स कन्व्हेन्शन सेंटरमध्ये, सुमारे ८००० लोक. जिवे मारायच्या धमक्या येत होत्या, पोलिसांनी बुलेटप्रूफ जॅकेट देऊ केलं, बाईंनी घातलं नाही, मरायचंच असेल तर अल्टरपेक्षा (चर्चमधल्या वेदीपेक्षा) बरी जागा कुठली अशा अर्थाचं काहीतरी बोलून मोकळ्या झाल्या. भर प्रार्थनेत दोघांनी उठून आक्षेप वाचले, प्रिसायडिंग बिशप (ह्या चर्चचे देशभरातले प्रमुख) ब्राउनिंग यांनी ऐकून घेतले आणि पुढे चालू. हजर लोकांत ली टिम-ओई होत्या, १९४४ मध्ये युद्धाच्या धामधुमीत प्रीस्ट झालेल्या चीनमधल्या बाई, अँग्लिकन जगातल्या पहिल्या. मला तर हे दृश्य बाकी सगळ्यापेक्षा भारी वाटतं.

बाई २००२ ला रिटायर झाल्या, २०२० च्या मार्चमध्ये गेल्या. त्यांच्या जागी मॅसॅच्युसेट्सने पुन्हा काळी बाईच निवडली, गेल हॅरिस, आडनाव सेम पण नातं नाही. इंग्लंडच्या मूळ चर्चला पहिली बाई बिशप करायला २०१५ उजाडलं, आपल्याकडे चर्च ऑफ साउथ इंडियाने पुष्पा ललिता यांना त्याच्या आधीच, २०१३ मध्ये केलं होतं.