घरातलं सुलभ बाथरूम
गुडघे गेलेला, पॅरालिसिस झालेला, वॉकरवर किंवा व्हीलचेअरवर असलेला माणूस संडास-आंघोळ शक्यतो आपली आपण करू शकेल, असे बदल घरच्या बाथरूममध्ये करणं म्हणजे बाथरूम सुलभ करणं. लोक सुरुवात दांडे विकत आणण्यापासून करतात, पण खरी सुरुवात दारापासून आणि उंबऱ्यापासून होते, कारण आतच जाता येत नसेल तर दांड्याचा उपयोग काय.

मुंबईत अडचण जागेची. बीडीडी चाळीसारख्या 160 चौरस फुटांच्या खोलीत मोरी घरात आणि संडास गॅलरीच्या टोकाला, तिथे तोडफोड करायला काही नसतंच, मग खाली भांडं असलेली कमोड खुर्ची हाच मार्ग उरतो. जुन्या बिल्डिंगमध्ये संडास वेगळा, बाथरूम वेगळं, दोन्हीची दारं जेमतेम दोन फुटांची, आणि साधी व्हीलचेअर बाहेरून बाहेर 24-25 इंच भरते म्हणजे ती दारातच अडकते. सुलभतेच्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर आणि खुर्ची वळवायला 1500 मिलिमीटरचं वर्तुळ सांगितलंय, ते वन रूम किचनमध्ये बसत नाही हे उघड आहे. तरी मधली भिंत साधी चार इंची पार्टिशन असेल तर ती काढून दोन्ही एकत्र करता येतं, मात्र आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून आणि सोसायटीला पत्र देऊनच. ते जमत नसेल तर निदान दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. आत पडलेला माणूस दारालाच टेकून पडला तर आत ढकलायचं दार उघडतच नाही.

उंबरा म्हणजे पाणी अडवायला लावलेला ग्रॅनाईटचा पट्टा. तीन इंचांच्या उंबऱ्याला 1:12 चा, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबीचा उतार द्यायचा तर तीन फूट लांब रॅम्प लागतो, आणि आपला पॅसेजच तीन फुटांचा. त्यामुळे पट्टा काढून दाराशी लांबट जाळी टाकणं बरं, पण मग फरशीचा ढाळ नव्याने काढावा लागतो आणि वॉटरप्रूफिंगही परत करावं लागतं, नाहीतर खालच्या मजल्यावर लीकेज जातं आणि भांडण वर येतं.

आता दांडे, म्हणजे ग्रॅब बार. आमच्या आईला स्ट्रोकनंतर उजवी बाजू चालत नव्हती, तर ती कमोडवरून उठताना डाव्या हाताने टॉवेलच्या रॉडलाच धरायची, तो एक दिवस भिंतीतल्या रावळप्लगसकट (स्क्रूसाठी ठोकलेल्या गुट्टीसकट) बाहेर आला. सुदैवाने ती परत सीटवरच बसली. त्यानंतर फिजिओच्या सांगण्यावरून आम्ही तिला कपड्यांसकट कमोडवर बसवलं, उठ म्हटलं, आणि हात जिथे गेला तिथे टाईलवर खडूने खूण केली. दुकानदाराने सांगितलेली जागा त्या खुणेपासून चांगली वीतभर वर होती. बार नेहमी चालणाऱ्या हाताच्या बाजूला लागतो. भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर साधा स्क्रू धरत नाही, तिथे अँकर फास्टनर किंवा मागून प्लेट लागते. व्हॅक्यूमने चिकटणाऱ्या बारवर कुणाचंही पूर्ण वजन सोडू नये, हे मी कळवळून सांगतोय.

कमोडची सीट फरशीपासून साधारण 450 ते 480 मिलिमीटर असावी, हिप रिप्लेसमेंटनंतर तर खाली वाकायचंच नसतं, तेव्हा सीट उंच करायला तिच्यावर बसवायचा रेझर मिळतो. इंडियन संडास असेल तर त्यावर ठेवायचा कमोड स्टूल मिळतो, पण त्याचे पाय ओल्या फरशीवर सरकत नाहीत ना ते बघा. आंघोळीला पाठ आणि हात असलेली खुर्ची, लांब पाइपचा हँड शॉवर, आणि नळ एका दांडीचा म्हणजे मुठीनेही फिरतो. फरशीची टाईल गुळगुळीत नको, मॅट फिनिशची हवी. भिंत, फरशी आणि कमोड सगळं पांढरं असलं की नजर अधू असलेल्याला सीट दिसतच नाही, म्हणून सीट तरी गडद घ्यावी.

ही मापं घरात येऊन घेणारे लोक म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. या विषयाचं देशातलं पहिलं शिक्षण कमलाबाई निंबकरांनी 1950 मध्ये परळच्या केईएममध्ये सुरू केलं, आणि हाजी अलीला भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहेच. शेवटी, बाथरूमच्या दाराची आतली कडी काढून टाका, बाहेरून नाण्याने उघडता येईल असं लॉक लावा, आणि बेलचं बटण फरशीवर पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल एवढं खाली घ्या.