टोळीहिंसेच्या भीतीने आश्रय

गुन्हेगारी टोळ्यांपासून जिवाला धोका आहे, या कारणावरून हद्दपारीविरुद्ध मागितलेले कायदेशीर संरक्षण. एल साल्वादोर, होंडुरास आणि ग्वातेमाला या देशांतून अमेरिकेत आलेल्यांच्या दाव्यांमुळे हा प्रश्न विशेष चर्चेत आला.

ज्या टोळ्यांच्या धास्तीने ही माणसे अमेरिकेचे दार ठोठावतात, त्यांचा जन्म अमेरिकेतलाच. एमएस-१३ आणि बॅरियो-१८ या दोन्ही टोळ्या लॉस एंजेलिसच्या वस्त्यांत वाढल्या. १९९० च्या दशकात अमेरिकेने त्यांतल्या तरुणांना मायदेशी पाठवण्याचा सपाटा लावला. एल साल्वादोरमधले यादवी युद्ध १९९२ मध्ये नुकतेच संपले होते. पोलीस दुबळे होते, हत्यारे मुबलक होती. दुकानदार आणि बसचालक यांच्याकडून हप्ता, मुलांवर टोळीत येण्याची सक्ती, मुलींवर जबरदस्ती असा जाच सुरू झाला. २०१५ मध्ये तिथे लाख लोकसंख्येमागे शंभराहून अधिक खून झाले.

एवढे असूनही दावा टिकवणे कठीण जाते. १९५१ चा निर्वासितविषयक करार आणि त्यावर बेतलेला अमेरिकेचा १९८० चा कायदा छळाची पाचच कारणे मानतो : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व. मारतील का, एवढे सिद्ध करून भागत नाही; का मारतील, हेही दाखवावे लागते. पैशासाठी मारतील हे उत्तर सर्वांत खरे असते आणि कायद्याच्या दृष्टीने सर्वांत निरुपयोगी. म्हणून बहुतेक वकील सामाजिक गटाच्या कारणाकडे वळतात. १९८५ च्या एका निकालाने या गटाची कसोटी घालून दिली : सदस्यांमधला समान गुण बदलता न येणारा, किंवा बदलायला लावू नये असा हवा. त्या प्रकरणातला अर्जदार टॅक्सीचालक होता. धंदा बदलता येतो, म्हणून त्याचा दावा फेटाळला गेला. टोळीत जायला नकार देणाऱ्या साल्वादोरी मुलांचा वेगळा गट होत नाही, असा निर्णय २००८ मध्ये आला. कुटुंबाचे नाते मात्र अनेक न्यायालयांनी ग्राह्य धरले.

आश्रयाचा अर्ज देशात आल्यापासून वर्षभरात करावा लागतो. मुदत हुकली तर हद्दपारीला स्थगिती मागता येते, पण तिथे धोका निम्म्याहून अधिक संभाव्य असल्याचे दाखवावे लागते आणि कायम वास्तव्याचा हक्क मिळत नाही. तिसरा मार्ग संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराचा. त्यात पाचांपैकी कोणतेही कारण लागत नाही. छळाला सरकारी अधिकाऱ्यांची संमती किंवा जाणूनबुजून केलेला काणाडोळा मात्र दाखवावा लागतो.

मेरिलँडमधील एका साल्वादोरी तरुणाच्या प्रकरणात यातले बरेच काही दिसते. त्याची आई पुपुसा, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या, विकत असे. बॅरियो-१८ ने त्या धंद्यावर हप्ता बसवला आणि मुलांना धमकावले. वर्षाची मुदत टळल्याने त्याला आश्रय मिळाला नाही, पण २०१९ मध्ये त्याला एल साल्वादोरला पाठवू नये असा आदेश झाला. तरीही मार्च २०२५ मध्ये त्याला तिथल्याच तुरुंगात धाडण्यात आले. ही चूक झाल्याचे सरकारने न्यायालयात मान्य केले. तो एमएस-१३ चा सदस्य असल्याचा आरोपही केला, जो त्याने नाकारला. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या सुटकेसाठी सरकारने साहाय्य करावे असे सांगितले. जूनमध्ये तो परतला, तो फौजदारी आरोपांना सामोरा जाण्यासाठी.

अमेरिकेची स्थलांतर न्यायालये न्यायव्यवस्थेचा भाग नसून न्याय खात्याच्या अखत्यारीत आहेत. त्यामुळे महान्यायवादी, म्हणजे या खात्याचा प्रमुख, बदलला की कायद्याचा अर्थही बदलतो. जेफ सेशन्स यांनी २०१८ मध्ये टोळीहिंसेचे दावे साधारणपणे कायद्यात बसत नाहीत असे ठरवले, मेरिक गारलँड यांनी २०२१ मध्ये तो निर्णय रद्द केला आणि २०२५ मध्ये पॅम बाँडी यांनी कडक भूमिका पुन्हा आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये एमएस-१३ दहशतवादी संघटना म्हणून जाहीर झाली. त्याने पीडितांची बाजू भक्कम होईल असे वाटेल. पण दहशतवाद्यांना साहाय्य केल्यास आश्रय नाकारला जातो आणि दमदाटीखाली दिलेला हप्ताही त्यात धरला जाण्याचा धोका राहतो.

कॅनडाचा कायदा पाच कारणांपलीकडे जिवाच्या धोक्यालाही संरक्षण देतो, मात्र त्या देशातल्या इतरांनाही सर्रास असलेला धोका त्यातून वगळतो. भारताने १९५१ च्या करारावर सहीच केलेली नाही.

एल साल्वादोरमध्ये मार्च २०२२ पासून आणीबाणी लागू झाली आणि ऐंशी हजारांहून अधिक लोक पकडले गेले. खुनांचे प्रमाण झपाट्याने उतरले. तेव्हापासून त्या देशातून आलेल्या काही दाव्यांत भीती टोळीची नसून, अंगावरच्या गोंदणावरून टोळीवाला ठरवून तुरुंगात टाकणाऱ्या सरकारची असते.