तुम्ही कुठले? : विद्यापीठांच्या सामायिक लॉगिनची पार्श्वभूमी

एका पासवर्डवर अनेक सेवा वापरता याव्यात, एवढीच अडचण असती तर ती १९८० च्या दशकातच मिटली असती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९८३ मध्ये सुरू झालेल्या ‘अथेना’ प्रकल्पातून ‘केर्बेरॉस’ ही प्रणाली घडली. पासवर्ड नेटवर्कवरून न पाठवता विश्वासातल्या एका सर्व्हरकडून मुदतीचे तिकीट घ्यायचे आणि त्याच्या जोरावर बाकीच्या सेवा वापरायच्या, अशी तिची रीत होती.

वेब आल्यावर मात्र प्रत्येक विभागाचे संकेतस्थळ आपापल्या परीने पासवर्ड मागू लागले. त्यावर येल विद्यापीठात तयार झालेल्या ‘कॅस’ या लॉगिन प्रणालीने तिकिटाचीच कल्पना ब्राउझरमध्ये आणली : विद्यार्थी विद्यापीठाच्या एकाच पानावर लॉगिन करतो, आणि मूळ सेवेकडे परतताना तिच्या वेब-पत्त्याला ‘एसटी’ या अक्षरांनी सुरू होणारे, एकदाच चालणारे तिकीट जोडलेले असते. (इथे एसटी म्हणजे ‘सर्व्हिस तिकीट’, आपल्याला लाल बस आठवली तर तो योगायोग.) २००४ च्या अखेरीस कॅस हा जासिग या संस्थेचा प्रकल्प झाला आणि पुढे अनेक विद्यापीठांनी त्यात भर घातली.

खरा पेच होता तो विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर. संशोधनपत्रिकांचे प्रकाशक वाचकाला ओळखत ते संगणकाच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरील त्याच्या क्रमांकावरून, त्यामुळे वर्गणी भरलेली असूनही घरी बसलेल्या विद्यार्थ्याला दार बंदच राही. अमेरिकी विद्यापीठांच्या ‘इंटरनेट२’ या संघाने २००० मध्ये हाती घेतलेल्या, आणि २००३ मध्ये पहिली आवृत्ती आलेल्या ‘शिबोलेथ’ने प्रश्नच बदलला. प्रकाशक विद्यार्थ्याला ‘तुम्ही कुठले?’ एवढेच विचारतो, यादीतून संस्था निवडली की लॉगिन त्या संस्थेच्याच पानावर होते, आणि प्रकाशकाला नाव न कळवताही ‘हा आमचा सदस्य आहे’ एवढी सही केलेली ग्वाही देता येते. नावही समर्पकच : बायबलमधील कथेत ‘शिबोलेथ’मधला ‘श’ ज्यांना उच्चारता येत नसे, ते परक्या टोळीचे म्हणून पकडले जात. ‘श’ आणि ‘स’वरून माणूस जोखण्याची सवय मराठीलाही नवी नाही.

परक्या संस्थेच्या ग्वाहीवर विसंबायचे तर आधी नियम ठरायला हवेत, म्हणून देशोदेशी विद्यापीठांचे महासंघ उभे राहिले. अमेरिकेत २००४ मध्ये ‘इनकॉमन’, ब्रिटनमध्ये २००६ मध्ये तेथील महासंघ, आणि या साऱ्यांना जोडणारे ‘एज्युगेन’ २०११ मध्ये. भारतात हे काम विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राने शिबोलेथवर आधारलेल्या ‘इन्फेड’ या महासंघाद्वारे केले. स्वतःचा सर्व्हर सांभाळू न शकणाऱ्या महाविद्यालयांची खाती तिथे इन्फ्लिबनेटतर्फेच ठेवता येतात, आणि ती भरण्याचे काम बहुधा ग्रंथपालाकडे येते. शिबोलेथची ग्वाही या नोंदींइतकीच खरी असते : पदवी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याचे खाते कुणी बंद केले नाही, तर प्रकाशकाच्या लेखी तो अजून महाविद्यालयातच असतो.