प्रवेशाचं पत्र आलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं?

अमेरिकेत बारावीच्या मुलांना कॉलेजचा होकार डिसेंबरात किंवा मार्चअखेर कळतो. त्यानंतर अभ्यासावरून मन उडतं. या दुखण्याला तिथे गमतीनं ‘सीनियरायटिस’ म्हणतात. दुखणं खरं, पण त्याच्या आधाराला असलेला समज खोटा: ‘आता मार्क कोण बघतंय?’ न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियातल्या बे एरियापर्यंतच्या मराठी घरांतही तो ऐकू येतो.

कॉलेज बघतं. होकार बहुधा सशर्त असतो आणि जूनमध्ये शाळा सुटली की अंतिम गुणपत्रक कॉलेजकडे जातं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अटींत तर शेवटच्या वर्षी ‘डी’ किंवा ‘एफ’ (नापास) ही श्रेणी चालत नाही. 2017 च्या उन्हाळ्यात तिच्या अर्व्हाइन कॅम्पसने सुमारे 500 प्रवेश रद्द केले. त्यांतल्या अनेकांचं कारण केवळ वेळेत न पोचलेली कागदपत्रं हे होतं. ओरड झाली आणि कॅम्पसला माघार घ्यावी लागली. पण काहींचे गुणच घसरले होते.

म्हणून एका ‘बी’ साठी घरात सुतक पाळायची गरज नाही (आपल्याकडे तेही होतं). एवढ्यावरून सहसा कुणी प्रवेश काढून घेत नाही. मोठी घसरण दिसली तर अनेक कॉलेजं आधी खुलासा मागतात. मात्र अर्जात दाखवलेला अवघड विषय कॉलेजला न कळवता सोडणं महागात पडू शकतं. शिवाय एपीच्या (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या) परीक्षा मे महिन्यात, म्हणजे होकारानंतरच असतात. तिथे चांगला स्कोअर आला तर अनेक कॉलेजांत क्रेडिट (तो विषय पदवीसाठी पूर्ण झाल्याचं श्रेय) मिळतं आणि तेवढी फी वाचू शकते.